बासष्टावा मीटर

हिवाळी क्रीडा स्पर्धांची सकाळ होती. दव पुरतं सुटलं नव्हतं, फक्कीच्या रेषा ओलसर पिवळट दिसत होत्या आणि माइकवरून "चौथी लेन रिकामी का? चौथ्या लेनवाला कुठंय?" अशी हाकाटी चालली होती. चौथ्या लेनवाला आला. अनवाणी, बनियनला टाचणीने लावलेला नंबर सावरत. शिट्टी झाली. 100 मीटरच्या शर्यतीत लहान मुलं पहिले 50 मीटर जवळपास एका रांगेत असतात, शर्यत खरी सुटते ती त्यानंतर. तशी ती सुटली, चौथ्या लेनवाला अर्ध्या पावलाने पुढे आला आणि पुढच्या क्षणी एकदम बुटका झाला. पडला असं म्हणता येणार नाही. डावा पाय पोटरीपर्यंत जमिनीत गेला आणि उरलेला मुलगा पुढे गेला. घोटा सुजला, हाड शाबूत राहिलं. रसवंतीवाल्याने बर्फ दिला. शर्यत पुन्हा घेतली, त्याला वगळून. तोवर त्या जागी कुणीतरी लाल प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती आणि आजूबाजूच्या लेनमधली मुलं त्या खुर्चीला कोपर लागू न देता पळत होती.

खड्डा अगदी गोल होता.

ते गोलपण डोक्यातून जाईना. उंदीर-घुशीचं बीळ असं गोल नसतं, पावसाने खचलेली जमीनही अशी खचत नाही. नऊ इंच व्यासाचा, दोन फूट खोल, पहारीने नीट ताशीव केलेला तो खड्डा होता. तीन आठवड्यांपूर्वी तिथे गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाचा मांडव होता, त्याच्या मधल्या रांगेतल्या वाशाचा. तळाशी चपटा झालेला चहाचा कागदी कप, पाचरीचा तुकडा आणि सुतळीचं भेंडोळं होतं. त्यावर पोकळी. पोकळीवर तीन-चार इंचांची मातीची खपली, पाणी मारून वरून इतकी गुळगुळीत केलेली की फक्की मारणाऱ्या सरांनी तिच्यावरून रेषा ओढली तरी त्यांना कळलं नाही. शेवटच्या रेषेपासून टेप लावला तर तो खड्डा 38 मीटरवर येत होता. म्हणजे धावणाऱ्याच्या हिशेबाने 62 व्या मीटरवर.

आता 100 मीटरची शर्यत मांडवाच्या जागेवरून का गेली, याचं उत्तर भूमितीत आहे. कोकणातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांत एक मैदान असतं. एका बाजूला जांभ्या चिऱ्याच्या दहा-बारा पायऱ्या बांधल्या की त्याला स्टेडियम म्हणतात. हे स्टेडियम 110 बाय 75 मीटर भरतं. सपाट जागा मिळायची मारामार असलेल्या मुलखात ते मोठंच म्हणायचं, पण 400 मीटरचा नियमाचा ट्रॅक त्यात बसत नाही. त्याच्या सरळ बाजू 84.39 मीटरच्या आणि वळणाची त्रिज्या 36.50 मीटर, आठ लेन धरल्या तर 177 बाय 93 मीटर जागा लागते. म्हणून 200 मीटरचा ट्रॅक आखतात. सरळ बाजू 40 मीटर, वळणाची त्रिज्या 18.90 मीटर. आतल्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेर मोजायचं असतं, म्हणजे मोजणीची त्रिज्या होते 19.10 आणि दोन अर्धवर्तुळं मिळून 120 मीटर. दोन सरळ बाजूंचे 80, झाले 200. काटकोन साधायला यंत्र नको. सुंभाचे 3, 4 आणि 5 मीटरचे तीन भाग पडतील अशा गाठी मारल्या आणि तिघांनी ताणून धरलं की कोपरा बरोबर मिळतो.

चूक होते ती पुढे, बाहेरच्या लेनना पुढून सुरुवात देताना. छापील पुस्तिकेत 400 मीटरच्या ट्रॅकवरच्या 200 मीटर शर्यतीसाठी दुसऱ्या लेनला 3.52 मीटर पुढे उभं करायला सांगितलेलं असतं, कारण तिथे एकच वळण येतं. इथे त्याच शर्यतीत दोन वळणं येतात आणि दर लेनला 7.67 मीटर द्यावे लागतात. पुस्तिकेतला आकडा तसाच उचलला की दुसऱ्या लेनमधलं पोर चार मीटर जास्त पळतं, सहाव्या लेनमधलं तर वीसाच्या आसपास. बाहेरच्या लेनचे पालक दर वर्षी ओरडतात आणि त्यांना दर वर्षी "चिठ्ठीत आली ती लेन" म्हणून गप्प करतात. ओरडणारे बरोबर असतात.

आणि 100 मीटर? त्याला सुरुवातीमागे तीनेक मीटर आणि शेवटच्या रेषेपुढे सतरा मीटर मोकळे हवेत, नाहीतर जिंकलेलं मूल कुंपणावर आदळतं. एकूण 120. लांबीला मैदान 110 च. मग एकच वाट उरते, कोनातून कोनात. कर्ण 133 मीटरचा आहे, तेवढ्यात ती शर्यत कशीबशी बसते. त्यामुळे गावातली सगळ्यात सरळ आणि सगळ्यात वेगाची रेषा मैदान तिरकं कापत, प्रत्येकाच्या मालकीच्या तुकड्यावरून जाते.

मालकी कुणाची नाही आणि सगळ्यांची आहे. फाटकाच्या कोपऱ्यात शर्यत सुरू होते, ती हेलिकॉप्टरची जागा. मोठा पाहुणा यायचा असला की आदल्या दिवशी तिथे गोल आणि त्यात इंग्रजी एच काढतात. नुसती फक्की भुरभुरली तर पंख्याच्या पहिल्या झोताला एच उडून मंडपात येतो, म्हणून चुना पाण्यात कालवून केरसुणीने फासतात. लाल धूळ उठू नये म्हणून टँकरने पाणी मारायचं, पण बेताने. आदल्या संध्याकाळी भरपूर आणि उतरण्याआधी तासभर नुसता शिडकावा. दुसऱ्यांदा हात सैल सुटला की चिखल होतो आणि चाकं रुततात. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून टोकाला फडका लावलेला बांबू. त्या बांबूचाही एक खड्डा.

वीसेक मीटर पुढे गेलं की दिवाळीतल्या फटाक्यांच्या स्टॉलची ओळ, त्यानंतर कबड्डी, मग मांडवाची जागा आणि तिच्या कडेला मध्यावरचा क्रिकेटचा चौकोन. पलीकडच्या कोपऱ्यात गणपतीनंतर चाकरमान्यांना मुंबईला नेणाऱ्या जादा गाड्या उभ्या राहतात. भाद्रपदात ओल्या लाल मातीत एसटीची मागची चाकं वीतभर खाच पाडतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती खाच भाजल्यासारखी घट्ट होते. तेव्हा ती मोडायला टिकाव लागतो. गाड्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, माती ओली असताना, फळी फिरवली तर दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण त्या दिवशी सगळा गाव गणपतीच्या जागरणानंतर झोपलेला असतो.

मुंबईत प्रत्येक खेळाला आपली जागा आहे. क्रिकेटला वानखेडे, फुटबॉलला कूपरेज, हॉकीला चर्चगेटजवळचं मैदान. तिथून खाडी ओलांडली की नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम 2008 पासून एकाच जागी अनेक संसार चालवतंय. 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषक फुटबॉलचे सामने तिथे झाले, 2025 च्या जानेवारीत कोल्डप्लेचे कार्यक्रम आणि त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक उचलला तोही तिथेच. पण अशा ठिकाणी जमिनीला पहार लावत नाहीत. रंगमंच लोखंडी बैठकांवर उभा राहतो, गवतावर प्लास्टिकच्या फरश्या अंथरतात आणि गवत पिवळं पडायच्या आत त्या उचलतात. तालुक्याच्या मैदानाचं दुखणं अनेक उपयोगांचं नाही. नेरुळला फरशी किती दिवस ठेवायची आणि कुणी उचलायची हे कागदावर असतं. इथे मांडववाला शेवटचा वासा ट्रकमध्ये टाकतो तेव्हा हातात कागद घेऊन उभा असलेला कुणी नसतो.

मैदानांची नावं नुसती वाचत गेलं तरी आधी तिथे काय होतं ते समजतं. खेडला गोळीबार मैदान आहे. दापोलीला लोक अजून कॅम्प दापोली म्हणतात, कारण 1818 मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी तिथे छावणी टाकली. वेंगुर्ल्याचंही कॅम्प मैदानच. सावंतवाडीला जिमखाना, चिपळूणला पवन तलाव. म्हणजे कुठे कवायत आणि नेमबाजी, कुठे संस्थानी हौस, तर कुठे नावात अजून पाणी. खेळ त्या जागांवर मागाहून आला आणि एकटा कधीच आला नाही. पवन तलावावर 2013 च्या जानेवारीत 86 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. गोळीबार मैदानावर 2023 च्या मार्चमध्ये 5 तारखेला शिवसेनेतल्या एका बाजूची जंगी सभा झाली आणि 19 तारखेला, त्याच मैदानावर, दुसऱ्या बाजूचं उत्तर. दोन्ही सभांना किती गर्दी होती यावर लोक अजून भांडतात. मांडववाल्याला विचारावं. खांब किती रोवले ते त्याला माहीत असतं.

या सगळ्यावर राज्य मात्र पावसाचं. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका दिवसात 100 मिलिमीटर पडला, आणि आषाढात तो सहज पडतो, तर 110 बाय 75 च्या मैदानावर सव्वाआठ लाख लिटर पाणी येतं. दहा हजार लिटरचे ब्याऐंशी टँकर. ते बाहेर काढायला मैदान मधे उंच आणि कडेला सखल हवं, शंभराला एक इतका उतार, आणि भोवती गटार. जांभ्याची जमीन मुळात पाणी पिते. पण वर्षानुवर्षं ट्रक, रोलर आणि गर्दीने वरचा थर घट्ट झाला की पाणी आत न जाता साठतं आणि बारीक माती वाहून गटारात बसते. गटार पहिल्या पावसाआधी, मृग लागायच्या आत, उपसायचं असतं. ते बहुधा पहिल्या पावसानंतर उपसलं जातं, मैदानात बेडूक ओरडायला लागल्यावर. कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, 15 जुलैला, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. घाटावर ठीक आहे. कोकणात त्या दिवशी मातीचं मैदान म्हणजे लावणीचं खाचर असतं आणि कबड्डी दिनाची कबड्डी शाळेच्या व्हरांड्यात होते.

कबड्डीची जागा बनवणं हे जुन्या हाताचं काम आहे, आणि मॅट आल्यापासून तो हात कमी होत चालला आहे. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, मुलींचं 12 बाय 8. आधी वरची चार बोटं माती खणून चाळायची. जांभ्याचे हरभऱ्याएवढे खडे चाळणीत राहतात. तेच गुडघे सोलतात. चाळलेली माती पसरून, पाणी मारून, एक रात्र ठेवून सकाळी रोलर. पाणी किती, याचं माप अंगठा. अंगठा दाबला तर ठसा उठावा, पण माती अंगठ्याला लागू नये. लागली तर रोलरला चिकटून पापुद्रे निघतात. ठसाच उठला नाही तर माती बसत नाही आणि दुसऱ्या सामन्याला धूळ होते. मधल्या रेषेपासून पुरुषांची निदान रेषा, म्हणजे चढाई करणाऱ्याने ओलांडलीच पाहिजे ती, 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा त्याच्या पुढे 1 मीटर. फक्कीची रेषा चार चढायांत पुसली जाते आणि मग बोनस मिळाला की नाही यावर पंचाला घेराव पडतो. म्हणून पट्टी खिळ्यांनी ठोकतात. खिळ्याचं डोकं मातीच्या बरोबरीला हवं. ते किंचित वर राहिलं की कुणाचा तरी तळवा फाटतो, आणि सामने संपल्यावर पट्टी उचकटली जाते, खिळे राहतात. मैदानात मागे काय राहिलं आहे हे अनवाणी पायांना सगळ्यात आधी कळतं.

क्रिकेटच्या चौकोनाची गोष्ट वेगळी, तो एकटाच थोडा मानाचा. खेळपट्टी उत्तर-दक्षिण, म्हणजे कलत्या उन्हात फलंदाजाच्या डोळ्यावर सूर्य येत नाही. कोकणातली लाल माती तिला चालत नाही. जांभ्याच्या मातीतली चिकणमाती ओली झाली तरी फारशी फुगत नाही, वाळली तरी फारशी आकसत नाही. त्यामुळे रोलरखाली ती एकजीव पाटीसारखी होत नाही, वरून सुटत राहते. लेदरच्या चेंडूची खरी खेळपट्टी करायची तर काळी माती घाटावरून आणावी लागते. 20.12 मीटर लांब, 3.05 मीटर रुंद आणि दाबून अर्धा फूट जाड थर म्हटला तर मोकळी माती पाच ब्रासच्या आसपास लागते. दोन मोठे ट्रक आणि घाटाचं भाडं. एवढं केल्यावर पहिल्या पावसाळ्यात झाकलं नाही तर काळी माती लाल पाण्याबरोबर गटारात. म्हणून बहुतेक गावं काथ्याच्या मॅटवर किंवा सरळ टेनिस बॉलवर येतात. टेनिस बॉलला मुरूम-माती पुरते. संध्याकाळी पाणी, पहाटे रोलर. हा रोलर म्हणजे लोखंडी पिंपात काँक्रीट ओतून, मधून पाइप घालून बनवलेला असतो. दोन फूट व्यासाचा आणि तीन फूट रुंदीचा असला तर सहाशे किलोंवर भरतो आणि ओढायला चार माणसं लागतात. वळवताना जागच्या जागी फिरवला की त्याची कड खेळपट्टीत रुतते. तो सरळ बाहेर काढून मगच वळवायचा. ही साधी गोष्ट रात्रीच्या सामन्यांच्या उत्साहात कुणी पाळत नाही.

मैदान राखणाऱ्याचं नाव शिल्डवर कोरत नाहीत. एकनाथ सोलकर भारताकडून 27 कसोटी खेळला आणि त्यात त्याने 53 झेल घेतले, बरेचसे फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहून. त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे माळी होते आणि सगळं कुटुंब मैदानाच्या कडेच्या एका खोलीत राहायचं. रोलर फिरलेल्या जमिनीवर चेंडू कुठे वळेल आणि किती उसळेल हे ज्या घरात जेवताना बोललं जात असेल, त्या घरातल्या पोराला तिथे उभं राहायची भीती वाटली नसावी. तालुक्याच्या मैदानावर माळी असा नसतोच. असतो एक रोजंदारीवरचा माणूस, त्याच्याकडे फाटकाची किल्ली, नळाची चावी आणि रात्री गुरं हाकलायचं काम.

पायऱ्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, हवा लागत जाते तसा कडक होतो. म्हणून जुनी बांधकामं टिकली. पण पावसाळ्यात त्याच्यावर हिरवं-काळं शेवाळ चढतं आणि सप्टेंबरच्या अखेरीस तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन घासलं नाही, तर नवरात्रातल्या पहिल्याच कार्यक्रमाला कुणीतरी आजी घसरते. पायऱ्या पश्चिमेला पाठ करून बांधायच्या असतात. उतरतं ऊन पाठीमागे राहतं आणि पावसाचा मारा भिंतीवर जातो. काही ठिकाणी रस्त्याच्या सोयीने उलट बांधल्या आहेत आणि तिथले प्रेक्षक शेवटची दहा षटकं कपाळावर हात धरून बघतात. छपराचा पत्रा खाऱ्या हवेत टिकतो, आधी सडतात ते त्याला धरणारे हुक. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे कागदासारखे उडाले. त्यातल्या कित्येक पत्र्यांना नंतर भोकंच तेवढी दिसत होती, हुक कुठेच नव्हते.

पुन्हा खड्ड्याकडे येऊ. 60 बाय 120 फुटांचा मांडव, 15 फुटांवर एक वासा असं धरलं तर 45 खड्डे होतात. शिवाय ताणाच्या दोऱ्यांच्या लोखंडी खुंट्या. एक खड्डा नीट बुजवायला तीन-चार घमेली माती आणि दहा मिनिटं लागतात. आधी हात घालून आतला कचरा, पाचर, वाशाचा कुजका बुडखा बाहेर काढायचा. मग खड्ड्याच्या भिंती ओल्या करायच्या, कोरड्या भिंतीला नवी माती धरत नाही. माती एका वेळी चार-पाच बोटं टाकायची, हाताने पाणी शिंपडायचं आणि पहारीच्या बोथट टोकाने किंवा धुम्मसाने ठोकायची. ठोकताना आधी बद्द आवाज येतो. तो टणक झाला की पुढचा थर. असे थरावर थर. शेवटी दोन बोटं उंचवटा ठेवायचा, तो पहिल्या पाण्याने बसतो. माती तिथलीच हवी. वाळू भरली तर ती कधी घट्ट होत नाही, चिऱ्याचे तुकडे भरले तर फटी राहतात आणि पावसाचं पाणी त्या फटींतून माती ओढून नेतं. आणि सगळी माती एकदम ओतून वरून पाय मारला तर तोंडाशी बूच बसतं आणि खाली पोकळी. 62 व्या मीटरवर तेच झालं होतं. 45 खड्ड्यांना दहा मिनिटांप्रमाणे साडेसात तास, म्हणजे एका माणसाची एक दिवसाची मजुरी. अनामत रकमेतून ती सहज कापता येते. पण खड्डे मोजायला कुणी तिथे असावं लागतं आणि मांडव सुटतो रात्री दोनला, कारण ट्रकला पहाटे पुढच्या गावी पोचायचं असतं.

याच मैदानात एक खड्डा आहे ज्यात आजवर कुणाचा पाय गेलेला नाही.

तो होळीचा. मैदानाच्या वडाकडच्या टोकाला, दर वर्षी त्याच जागी. शिमग्यात तिथे होळीचं झाड उभं राहतं, चाळीस-पन्नास माणसांच्या खांद्यांवरून आलेलं, आणि त्याला साडेचार फूट खोल खड्डा लागतो. मांडवाच्या वाशाच्या दुपटीहून जास्त. पालखी नाचून जाते, होम होतो, राख कपाळाला लागते. नंतर ठरलेल्या घरातला माणूस येतो, बुंधा काढतो, राख आणि माती एकेक थर करून भरतो आणि तोंडावर चपटा चिरा ठेवतो. पुढच्या फाल्गुनापर्यंत त्या चिऱ्यावर पोरं चपला ठेवून खेळायला जातात. कुणी त्याला मजुरी देत नाही, कुणी पावती फाडत नाही. तो त्या घराचा मान आहे. नाही केलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. प्रदर्शनाच्या खड्ड्याला असा मानकरी कुठून आणायचा, हे काही सुचत नाही. अनामत रक्कम वाढवावी असं एकदा वाटतं. मग वाटतं, ती भरणारा "पैसे भरलेत ना" म्हणून उरलेलेही खड्डे उघडे टाकून जाईल.

पावसानंतर मैदान काही दिवस फार सुंदर असतं, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. हरळी गुडघ्याला लागते. खेळपट्टीबाहेरच्या मैदानाला हिच्याइतकं चांगलं गवत नाही, आणि तीच हरळी म्हणजे दूर्वा. त्यामुळे चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बायका कमरेत वाकून, तीन पानांची कोवळी टोकं खुडत, लाँग ऑनपासून डीप मिडविकेटपर्यंत सरकत जातात. त्या दिवसांत मैदानावर सगळे खड्डे बुजल्यासारखे दिसतात. गवताखाली ते असतातच. विळा किंवा ग्रासकटर लागेपर्यंत दिसत नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं मात्र तेव्हाही पहाटे पळत असतात. 1600 मीटर म्हणजे या ट्रॅकच्या आठ फेऱ्या, मुलींच्या 800 ला चार. त्यांना रेषा लागत नाहीत. कुठे पाय टाकायचा नाही ते त्यांना अंधारात पाठ असतं, आणि हेलिकॉप्टरच्या कोपऱ्यापासून एसटीच्या खाचांपर्यंतचा खरा नकाशा बहुधा त्यांच्याकडेच आहे.

त्या दिवशी दुपारी, मोठ्या गटाच्या शर्यतीआधी, किल्लीवाला माणूस घमेलं आणि पहार घेऊन आला. खुर्ची बाजूला केली, गुडघ्यावर बसला, कोपरापर्यंत हात घालून कप, पाचर आणि सुतळी बाहेर काढून एका बाजूला ठेवली. मग बादलीतून ओंजळभर पाणी, माती, पहार. माइकवाल्याने दोनदा घाई केली, तो म्हणाला, "अजून दोन थर आहेत." आवाज टणक झाल्यावर त्याने वर दोन बोटं उंचवटा ठेवला. फक्कीवाले सर आले, त्यांना उंचवटा नको होता, रेषा सरळ दिसायला हवी होती. दोघांत थोडी बोलाचाली झाली. उंचवटा राहिला. रेषा त्यावरून गेली तेव्हा ओल्या मातीवरचे ते नऊ इंच बाकीच्या रेषेपेक्षा पिवळट उठले. पुढच्या शर्यतीतला चौथ्या लेनवाला तिथे आला आणि पाऊल किंचित लांब टाकून पलीकडे गेला.

कप तिथेच कडेला होता. संध्याकाळी वाऱ्याने तो 70 व्या मीटरजवळ आला होता.